नवी एमआर२: इंजिन जवळपास ठरलंय, खरा वाद गिअरबॉक्सचा आहे

२०२५ च्या जानेवारीत टोकियो ऑटो सलोन ह्या गाड्यांच्या प्रदर्शनात टोयोटाने एक जीआर यारिस (जीआर म्हणजे टोयोटाचा स्पोर्ट्स गाड्यांचा विभाग) आणून उभी केली, आणि तिच्या बोनेटखाली इंजिनच नव्हतं. ते सीटच्या मागे नेलं होतं. एका छोट्या हॅचबॅकची बॉडी कापायची, इंजिन मागे बसवायचं, कूलिंगचे पाइप सगळे नव्याने फिरवायचे, एवढा खटाटोप कुठलीही कंपनी उगाच करत नाही. गाडीचं नाव जीआर यारिस एम कन्सेप्ट, विकायला नाही, फक्त टेस्टिंगसाठी. पण एमआर२ ही टोयोटाची जुनी मिड-इंजिन, म्हणजे सीटच्या मागे इंजिन असलेली स्पोर्ट्स कार परत येणार का, ह्याशिवाय तेव्हापासून जगभरातल्या तिच्या चाहत्यांना दुसरं काही सुचेनासं झालंय.

एक गोष्ट आधीच सांगतो, ह्या व्हिडिओत नव्या एमआर२ बद्दल जे काही आहे तो अंदाज आहे. पण अंदाजाला आधार आहे, आणि तो आधार काय आहे तेच आज बघायचंय.

जुनी एमआर२ ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी पटकन. पहिली आली १९८४ ला, कोड नेम एडब्ल्यू११. टोयोटाने डोकं असं लावलं की कोरोलाच्या घरातलं, पुढच्या चाकांना ताकद देणारं आडवं इंजिन आणि त्याला जोडलेला गिअरबॉक्स असा अख्खा गठ्ठाच उचलायचा आणि सीटच्या मागे ठेवून मागची चाकं फिरवायची. १.६ लिटरचं ४ए-जीई, ट्विन कॅम, १६ व्हॉल्व्ह, आणि गाडीचं वजन साधारण एक टन. मग १९८९ ला एसडब्ल्यू२०, ही सगळ्यात देखणी, हिच्यात २ लिटर टर्बो ३एस-जीटीई आलं आणि जपानमध्ये त्याची ताकद पुढे २४५ पीएसपर्यंत गेली (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच). तिसरी १९९९ ला, उघड्या टपाची, १.८ लिटरची, हलकी. २००७ ला तीही संपली.

आता ह्या तिघींमधलं साम्य बघा. एकीसाठीही टोयोटाने वेगळं खास स्पोर्ट्स कार इंजिन घडवलं नाही, तिन्ही वेळा नेहमीच्या गाड्यांच्या घराण्यातलं चार सिलेंडरचं इंजिन आडवं बसवलं. म्हणूनच गाडी सामान्य माणसाच्या आवाक्यात राहिली. त्यामुळे नव्या एमआर२ मध्ये व्ही६ येणार किंवा टोयोटाच्याच सुप्रा स्पोर्ट्स कारचं सहा सिलेंडर येणार असं कोणी म्हणत असेल तर मला ते अजिबात पटत नाही, सहा सिलेंडरचं सरळ लांबलचक इंजिन आडवं बसवायला जागाच कुठे आहे.

बसणार काय मग? २०२४ च्या मे महिन्यात टोयोटा, सुबारू आणि माझदा तिघांनी मिळून टोकियोत आपापली नवी इंजिनं दाखवली होती. टोयोटाने दोन चार सिलेंडरवाली दाखवली, १.५ आणि २ लिटर. सगळं लक्ष हॉर्सपॉवरकडे गेलं, पण मला त्यातली उंची महत्त्वाची वाटली. टोयोटानेच दिलेल्या आकड्यांप्रमाणे २ लिटर टर्बो हे सध्याच्या २.४ लिटर टर्बोपेक्षा साधारण १० टक्के बुटकं आहे, आकारमानही तेवढंच कमी. पुढे इंजिन असलेल्या गाडीत ह्याचा फायदा म्हणजे बोनेट खाली येतं. पण सीटच्या मागे इंजिन असेल तर एकेक सेंटिमीटर सोन्याचा, कारण इंजिन जेवढं उंच तेवढं मागच्या काचेतून कमी दिसणार, वजन वर जाणार आणि शेपटी जाड दिसणार. आणि एम कन्सेप्टमध्ये टोयोटाने हेच २ लिटर टर्बो बसवलं, त्याचं नाव जी२०ई. यारिसचं स्वतःचं १.६ तीन सिलेंडर टर्बो, जे जपानमध्ये ३०४ पीएस देतं, ते हाताशी असताना ते मागे नेलं नाही, नवं नेलं. माझ्या मते इंजिनाचा प्रश्न इथेच जवळपास मिटला.

ताकद किती ह्याच्यावर अजून रोज वाद चालू आहेत, चर्चेतला आकडा ४०० हॉर्सपॉवरच्या आसपासचा आहे. हे अशक्य नाही, मर्सिडीज-एएमजीने २०१९ पासून ए४५ एस मध्ये २ लिटरमधून ४२१ पीएस आणि ५०० न्यूटन मीटर काढून दाखवलेत. हायब्रिडवालेही एक गट आहेत, त्यांचं म्हणणं की ही नवी इंजिनं मोटरसोबत चालायला म्हणूनच लहान केलीत, आणि ते बरोबरही आहे, पण बॅटरी आली की वजन आलं आणि एमआर२ ची सगळी मजा वजन कमी असण्यात आहे. मला हायब्रिड नको.

आता गिअरबॉक्स. इथे लोक अगदी इरेला पेटतात, आणि पेटायलाच पाहिजे.

सध्याच्या जीआर यारिस आणि जीआर कोरोलात दोन पर्याय मिळतात. एक ६ स्पीड मॅन्युअल. दुसरा ८ स्पीड ऑटोमॅटिक, त्याला टोयोटा डायरेक्ट ऑटोमॅटिक ट्रान्समिशन म्हणते, आत साधा टॉर्क कन्व्हर्टर आहे पण सॉफ्टवेअर हुशार आहे, ड्रायव्हर ब्रेक कसा दाबतोय, कसा सोडतोय, अॅक्सिलरेटर कसा देतोय हे बघून ते आधीच ओळखतं की आता खालचा गिअर लागणार आणि वळणाच्या आधीच टाकून देतं. मॅन्युअलपेक्षा साधारण २० किलो जड. दोन्ही गिअरबॉक्स आडव्या इंजिनासाठी बनलेले, म्हणजे उचलून मागे नेता येण्यासारखे.

बरेच जण सांगतात की एवढी ताकद मॅन्युअलला झेपणार नाही म्हणून ऑटोमॅटिकच येणार. पण जरा थांबा. ह्या गाड्यांमध्ये आज टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, आहे ४०० न्यूटन मीटर, आणि तो मॅन्युअलमध्येही ४०० आणि ऑटोमॅटिकमध्येही ४००. म्हणजे रस्त्यावर सिद्ध झालेली मर्यादा दोघांची सारखीच आहे! नव्या इंजिनाचा टॉर्क ५०० च्या घरात गेला तर काम दोघांवरही करावं लागेल, एकट्या मॅन्युअलला दुबळा ठरवून बाहेर काढायचं कारण नाही. आणि टोयोटाने हे पूर्वी केलेलं आहे, एसडब्ल्यू२० मध्ये साध्या इंजिनाला एक मॅन्युअल गिअरबॉक्स होता आणि टर्बोला दुसरा, जास्त दणकट, दोन्ही ५ स्पीडचे. तेव्हा जमलं तर आत्ता का नाही जमणार.

मॅन्युअलची खरी अडचण वेगळीच आहे. गिअरचा दांडा तुमच्या हाताशी आणि गिअरबॉक्स पाठीमागे, मग मध्ये लांब केबल टाकाव्या लागतात आणि केबल लांबली की शिफ्टचा तो खटका थोडा मऊ होतो. जुन्या तिन्ही एमआर२ नी हे सांभाळलं. ऑटोमॅटिकची अडचण उष्णतेची. टॉर्क कन्व्हर्टरचं तेल थंड ठेवायला वेगळा कूलर लागतो, आणि मागच्या त्या कोंदट जागेत आधीच टर्बो, इंटरकूलर, एक्झॉस्ट सगळे एकत्र तापत असतात, समोरून थेट हवा येत नाही, ती बाजूच्या तोंडांमधून ओढून घ्यावी लागते. मला विचाराल तर मिड-इंजिन गाडीत ही अडचण केबलपेक्षा मोठी आहे.

तिसरा मार्गही टोयोटाने एकदा करून बघितलाय. तिसऱ्या एमआर२ मध्ये एसएमटी मिळायचा, आत मॅन्युअलच पण क्लचचं पेडल नाही, क्लच हायड्रॉलिकने दाबला जायचा. ज्यांनी २०१४ नंतर आपल्याकडे सेलेरिओ किंवा कुठलीही एएमटी, म्हणजे क्लच आपोआप दाबला जाणारी मॅन्युअल, गाडी घाटात चालवलीये त्यांना गिअर बदलताना मान पुढे जाते म्हणजे काय ते लगेच कळेल, जात तीच. आणि पुण्याच्या टाटा मोटर्सने २०१७ ला जिनेव्हात रेसमो दाखवली होती ना, दोन सीटची, १.२ लिटर टर्बो सीटच्या मागे, १९० पीएस, तिलाही ६ स्पीड एएमटीच होता. ती रस्त्यावर आलीच नाही ह्याचं मला आजही मनापासून वाईट वाटतं. पण नव्या एमआर२ मध्ये हा प्रकार येईल असं वाटत नाही, ८ स्पीड तयार असताना टोयोटा मागे कशाला जाईल.

अजून एक फाटा आहे, ऑल-व्हील ड्राइव्हचा. एम कन्सेप्ट चारही चाकांवर चालते. ह्याची मुळं खूप जुनी आहेत, ८० च्या दशकात टोयोटाने रॅली शर्यतींच्या ग्रुप एस ह्या नियोजित गटासाठी एमआर२ वरून २२२डी नावाची मिड-इंजिन, चारही चाकांना ताकद देणारी गाडी बनवली होती. १९८६ च्या मे महिन्यात कोर्सिकाच्या रॅलीत ड्रायव्हर हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा को-ड्रायव्हर सर्जिओ क्रेस्टो अपघातात गेले, त्यानंतर ग्रुप एस च रद्द झाला आणि २२२डी ला एकही शर्यत मिळाली नाही.

आजच्या गाडीत ऑल-व्हील ड्राइव्ह हवा का? इथे माझं मन दोन्हीकडे जातं. मिड-इंजिन गाडी वळते पटकन कारण जड सामान मधोमध असतं, भरलेल्या दोन बादल्या हात लांब करून धरण्याऐवजी छातीशी धरून गिरकी घ्यावी तसं. पण पटकन वळणारी गाडी पटकन फिरूनही जाते, सुरुवातीच्या एसडब्ल्यू२० ची त्यासाठी इतकी ओरड झाली की टोयोटाने पुढे सस्पेन्शन बदललं. तेव्हा ताकद होती २०० ते २२५. आता ४०० च्या गोष्टी चालल्यात, मग पुढच्या चाकांनी थोडा भार उचलला तर नवख्या ड्रायव्हरचा जीव वाचेल. पण त्यासाठी पुढे जाणारा शाफ्ट आला, पुढचा डिफरन्शिअल आला, वजन आलं, किंमत आली. मला स्वतःला विचाराल तर ३०० पीएस, फक्त मागची चाकं आणि ६ स्पीड मॅन्युअल, ह्याच्यावर मी एका पायावर तयार आहे.

आता पुढे काय बघायचं ते सांगतो. रेसमधल्या टेस्ट गाडीत सिक्वेन्शियल गिअरबॉक्स, म्हणजे गिअर ओळीने एकेक करूनच बदलणारा, दिसला तर निराश होऊ नका, रेसिंगमध्ये तो असतोच, त्यावरून रस्त्यावरच्या गाडीचं काही ठरत नाही. लक्ष ठेवा कोरोला आणि यारिसवर. हे नवं २ लिटर आधी एखाद्या पुढे इंजिन असलेल्या जीआर गाडीत येण्याची शक्यता जास्त आहे, आणि ती आली की स्पेसिफिकेशनच्या पानावर हॉर्सपॉवर सोडून आधी टॉर्कची ओळ वाचा, मॅन्युअलसमोर किती लिहिलंय आणि ऑटोमॅटिकसमोर किती. दोन्हीकडे सारखाच आकडा असेल आणि तो ४०० च्या वर असेल, तर समजा की दणकट मॅन्युअल बनलेला आहे, आणि तो मागे न्यायला फक्त केबल लांब करायच्या आहेत.