लॉगबुकातील चार खुणा

(दृश्य : सकाळची ठाणे–पनवेल लोकल. खिडकीबाहेर पारसिकचा डोंगर, मग दिघा, मग औद्योगिक वसाहतीतील पत्र्याच्या शेड.)

निवेदन :

ठाण्याहून सुटलेली ही लोकल ऐरोली ओलांडते तेव्हा सात वाजायला आलेले असतात. खिडकीशी बसलेल्या तरुणाच्या मांडीवरील पिशवीत स्टेथोस्कोप आहे, घडी घातलेला पांढरा ॲप्रन आहे आणि पावसाने भिजू नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक जाडसर वही आहे. एमबीबीएसची साडेचार वर्षे संपवून तो आता आंतरवासितेच्या, म्हणजे इंटर्नशिपच्या वर्षात आहे. नवी मुंबईतील ज्या शिक्षण रुग्णालयाकडे तो निघाला आहे, तेथील मेडिसिनच्या वॉर्डात दुसऱ्या वर्षाची एक निवासी डॉक्टर काल सकाळपासून ड्युटीवर आहे. तिच्याकडेही अशीच एक वही आहे. ही चित्रफीत त्या दोन वह्यांविषयी, म्हणजे शिकताना केलेल्या कामांची नोंद ठेवणाऱ्या लॉगबुकांविषयी, आणि त्या खऱ्या अर्थाने भरायच्या तर शिकणाऱ्याला व शिकवणाऱ्याला जो वेळ हाताशी असावा लागतो त्याविषयी आहे. रुग्णालयाचे आणि डॉक्टरांचे नाव त्यांच्या इच्छेवरून घेतलेले नाही.

(दृश्य : वहीची पाने. बोट एकेका रकान्यावरून खाली सरकते.)

इंटर्नच्या वहीतील आठवड्यांची वाटणी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी ठरवून दिलेली आहे. वर्षाच्या ५२ आठवड्यांपैकी १२ सामुदायिक वैद्यकशास्त्राला, ७ स्त्रीरोग व प्रसूतीला, मेडिसिन आणि सर्जरीला प्रत्येकी ६, आणि उरलेले आठवडे बालरोगापासून न्यायवैद्यकापर्यंतच्या विभागांत वाटले जातात. अपघात विभागाच्या वाट्याला २ आठवडे येतात. प्रत्येक पोस्टिंगमध्ये कोणती कामे स्वतःच्या हाताने करून दाखवायची, हे वहीत छापलेले असते आणि समोर तारीख व सही यांसाठी जागा सोडलेली असते. या तरुणाच्या वहीत टाके घालण्याच्या नोंदी भरपूर आहेत, कारण ठाणे–बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांतून हाताला यंत्र लागलेले कामगार येथे रोजच येतात. जिवंत माणसाच्या हाताला पहिला टाका घालण्यापूर्वी तो स्किल लॅबमध्ये स्पंजवर आणि रबराच्या कातडीवर गाठी मारायला शिकला. ती गाठ मारताना त्याची जीभ अजूनही दातांत येते.

(दृश्य : मेडिसिन वॉर्ड. राउंड सुरू आहे. खाटेभोवती सहा-सात ॲप्रन.)

आता दुसरी वही. तिची मालकीण ही सोलापूर जिल्ह्यातून एमडी करण्यासाठी येथे आलेली निवासी डॉक्टर आहे. राउंडमध्ये ती सरांच्या उजव्या हाताला उभी राहते, केसपेपर उघडते आणि एका दमात रुग्णाची हकिकत सांगते. तुर्भ्याच्या बाजार समितीत गोणी वाहणारे हे काका तापाने आणि डोकेदुखीने आले. काल रात्रीपासून ते असंबद्ध बोलू लागले आहेत आणि त्यांची मान ताठ आहे. मेंदूच्या आवरणाला संसर्ग झाला आहे का, हे पाहण्यासाठी पाठीतून पाणी काढावे लागणार आहे. पुढील प्रसंग आम्ही फारसा न कापता दाखवत आहोत. शिकवणे म्हणजे काय, हे आम्हांला या रुग्णालयातील महिनाभराच्या चित्रीकरणात इतक्या जवळून दुसरीकडे कोठेही दिसले नाही.

(दृश्य : पडदे ओढलेले. रुग्ण डाव्या कुशीवर. निवासी डॉक्टरचे हातमोजे घातलेले हात.)

“काका, गुडघे पोटाशी घ्या, हनुवटी छातीला लावा, आता अजिबात हलू नका,” असे ती सांगते. कमरेच्या दोन्ही हाडांची वरची कड ती बोटांनी चाचपते. त्या दोन कडा जोडणारी रेषा पाठीच्या कण्याला जेथे छेदते, तेथे कमरेचा चौथा मणका असतो, आणि त्याच्या वरच्या किंवा खालच्या फटीतून सुई न्यायची असते. भूल दिली जाते. सुई आत जाते. सर तिच्या खांद्यामागे उभे आहेत. त्यांचे हात पाठीशी बांधलेले आहेत, आणि ते मुद्दाम बांधलेले आहेत.

“थांब. आता हाताला काय जाणवलं?”

“सर, आधी घट्ट लागलं, मग एकदम सैल झालं.”

“मग आता आतली तार काढ.”

पहिला थेंब येतो. तो पाण्यासारखा स्वच्छ नाही, किंचित गढूळ आहे. तीन बाटल्यांत थेंब मोजून घेतले जातात, सुई निघते, जागेवर पट्टी बसते. त्यानंतर सर तेथेच, खाटेच्या पायथ्याशी, तिची वही मागून घेतात आणि उभ्याउभ्याच लिहितात की सुईची दिशा बरोबर होती, रुग्णाशी बोलणे चांगले होते, सुई टेकवण्यापूर्वी बोटाची खूण पुन्हा एकदा तपासावी. खाली सही होते. रुग्णाला कुशीवर वळवण्यापासून सही होईपर्यंत सुमारे अर्धा तास गेला. शिक्षकाने प्रत्यक्ष उभे राहून एखादी प्रक्रिया पाहायची आणि लगेच आपले मत द्यायचे, या पद्धतीला वैद्यकीय शिक्षणात डॉप्स म्हणतात. पदव्युत्तर अभ्यासक्रमात ती अपेक्षित आहे.

(दृश्य : वहीतील त्या ओळीचा जवळून घेतलेला कोन. शेवटच्या रकान्यात दोन अक्षरे.)

या विभागाच्या लॉगबुकात प्रत्येक प्रक्रियेपुढे चारपैकी एक खूण करायची असते. ‘ओ’ म्हणजे नुसते पाहिले, ‘ए’ म्हणजे दुसऱ्याला मदत केली, ‘पीए’ म्हणजे दुसऱ्याच्या मदतीने स्वतः केले आणि ‘पीआय’ म्हणजे स्वतंत्रपणे केले. त्या दिवशी तिने ‘पीए’ लिहिले. या चार खुणांमागे मोठा विचार आहे. जॉर्ज मिलर या अमेरिकी वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञाने १९९० मध्ये कौशल्याचा एक पिरॅमिड मांडला होता. त्याच्या तळाशी ‘माहीत असणे’ आहे, त्यावर ‘कसे करायचे ते माहीत असणे’, त्यावर ‘करून दाखवणे’ आणि शिखरावर ‘प्रत्यक्ष कामात करणे’ आहे. आपल्याकडे २०१९ पासून एमबीबीएसला जो क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला, त्यातील प्रत्येक कौशल्याला याच पायऱ्या लावलेल्या आहेत.

(दृश्य : वसतिगृहाची खोली. दोरीवर वाळत घातलेले ॲप्रन. अर्धवट खाल्लेला डबा.)

‘निवासी’ हा शब्द आपण सहज वापरतो, पण त्याचा उगम पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे १८८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले. तेथे विल्यम ऑस्लर आणि विल्यम हॉल्स्टेड यांनी तरुण डॉक्टरांना रुग्णालयातच राहायला लावून शिकवण्याची पद्धत बसवली. रोग पुस्तकात वाचण्यापेक्षा खाटेशेजारी पाहून समजतो, हा ऑस्लर यांचा आग्रह होता. रुग्णाच्या अगदी जवळ राहिल्याने दिवसा न दिसणाऱ्या गोष्टी रात्री दिसतात, हा त्या निवासामागचा मूळ अर्थ होय. हीच पद्धत पुढे जगभर पसरली. आज महाराष्ट्रातील बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांच्या पदव्या नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ देते आणि शिक्षणाचे नियम दिल्लीचा आयोग करतो. तरीही शिक्षण कोठे होते असे विचारले, तर त्याचे उत्तर ऑस्लर यांच्या काळी होते तेच आहे.

एमडीच्या तीन वर्षांत या डॉक्टरने काय काय पूर्ण करायचे, ते आयोगाच्या २०२३ च्या नियमांत आहे. संशोधन पद्धतीचा आणि नीतिशास्त्राचा अभ्यासक्रम, हृदयक्रिया पुन्हा सुरू करण्याचे प्रशिक्षण, ८० टक्के उपस्थिती, सेमिनार आणि जर्नल क्लब (म्हणजे शोधनिबंधांवरील चर्चा), परिषदेतील सादरीकरण, एथिक्स कमिटीच्या मंजुरीने सुरू होणारा आणि परीक्षेपूर्वी सादर करायचा प्रबंध, जिल्हा रुग्णालयातील तीन महिने, आणि या सर्वांची नोंद ठेवणारे लॉगबुक. यातील एकही गोष्ट अनाठायी आहे असे आम्हांला वाटत नाही. पोटात दुखते म्हणून आलेल्या माणसाला आपला डॉक्टर हे सर्व शिकलेला असावा असेच वाटेल.

(दृश्य : विभागाचे कार्यालय. टेबलावर लॉगबुकांची चळत. पेन, सही, पान उलटणे; पुन्हा सही.)

परीक्षेचा अर्ज भरण्याच्या आठवड्यातील हे टेबल आहे. या वह्यांतील पुष्कळ नोंदी काही महिन्यांपूर्वीच्या आहेत आणि सह्या आजच्या आहेत. एका प्राध्यापकांनी कॅमेऱ्यासमोर येऊन मोकळेपणाने सांगितले की सकाळची ओपीडी दुपारी तीनला संपते, मग राउंड असतो, मग विभागाची कागदपत्रे असतात. प्रत्येक सुईच्या शेजारी उभे राहावे असे वाटते, पण तेवढे हात विभागात नाहीत. आम्हांला त्यांच्या बोलण्यात कोठेही पळवाट दिसली नाही. दर तीन महिन्यांनी विद्यार्थ्याचे मूल्यमापन व्हावे, त्याला बसवून त्याच्याशी बोलावे, असे अभ्यासक्रम सांगतो. त्या बोलण्यासाठी आठवड्याच्या वेळापत्रकात कोणती वेळ राखली आहे, असे आम्ही विचारले तेव्हा त्यांनी भिंतीवरचे वेळापत्रकच आमच्यापुढे धरले. त्यात ओपीडीचे वार होते, इमर्जन्सीचे वार होते आणि बुधवारी दुपारी सेमिनार होता.

(दृश्य : बुधवारचा सेमिनार. प्रोजेक्टरचा उजेड. मागील रांगेत झुकलेल्या माना.)

या माना आदल्या रात्रीच्या इमर्जन्सीनंतरच्या आहेत. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी योजनेत सलग ड्युटी सर्वसाधारणपणे १२ तासांपेक्षा आणि आठवड्याचे काम ४८ तासांपेक्षा अधिक नसावे असे म्हटले होते. २०२३ च्या नियमांत आकडा नाही. तेथे ‘वाजवी’ कामाचे तास आणि ‘वाजवी’ विश्रांती एवढेच शब्द आहेत. आयोगानेच नेमलेल्या कृतिगटाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा सुचवली. न झोपलेल्या डॉक्टरकडून चूक होण्याचा धोका वाढतो आणि त्याच्या मनावरही ताण येतो, हे सर्वांना ठाऊक आहे.

ब्रिटनमध्ये नव्या डॉक्टरांसाठी २००५ पासून दोन वर्षांचा फाउंडेशन प्रोग्रॅम आहे. तेथील प्रत्येक डॉक्टरला इलेक्ट्रॉनिक पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या शिक्षणाची संगणकीय नोंदवही, ठेवावा लागतो आणि वर्षाअखेर त्याचा आढावा झाल्याखेरीज पुढच्या वर्षात जाता येत नाही. अलीकडे तेथे ड्युटीच्या वेळापत्रकातच आठवड्याचे काही तास स्वतःच्या शिक्षणासाठी राखून दिले जातात. पोर्टफोलिओची कल्पना आपण घेतली. तो तासही घ्यावा, आणि शिकण्याचा व शिकवण्याचा वेळ दोघांच्याही ड्युटीत धरावा, एवढे आम्ही आग्रहाने मांडत आहोत.

(दृश्य : शहापूरकडे जाणारा रस्ता. पाऊस. खाचरांत वाकलेली माणसे.)

जिल्हा निवासी कार्यक्रमाखाली आपल्या निवासी डॉक्टरला ते तीन महिने ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील एका शासकीय रुग्णालयात पाठवण्यात आले. भातलावणीचे दिवस होते. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी, पायाला साप चावलेल्या एका बाईंना घरच्यांनी मोटारसायकलवर मध्ये बसवून आणले. पाय घोट्याच्या वर सुजला होता आणि हिरड्यांतून रक्त येत होते. नवी मुंबईत असताना रक्त गोठते की नाही हे तिला प्रयोगशाळेच्या छापील अहवालातून कळत असे. येथील वैद्यकीय अधिकारी मॅडमनी तिच्या हातात एक स्वच्छ, कोरडी काचेची परीक्षानळी दिली.

(दृश्य : परीक्षानळी स्टँडमध्ये. मागे भिंतीवरचे घड्याळ.)

या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, ती २० मिनिटे अजिबात हलवायची नाही आणि मग एकदाच कलंडायची. रक्त गोठलेले नसेल तर घोणस किंवा फुरशासारख्या सापाचे विष अंगात भिनले आहे असे समजून प्रतिविष सुरू करायचे. नळी धुतलेली नको, कारण साबणाचा अंश राहिला तर निकाल फसवा येतो. हे मॅडम तिला सांगत होत्या. त्या २० मिनिटांत त्यांनी आणखीही पुष्कळ सांगितले. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालते. मण्यार चावल्याची खूण कित्येकदा दिसतसुद्धा नाही. प्रतिविषाची रिॲक्शन येऊ शकते म्हणून त्यावरचे ॲड्रिनलिन हे इंजेक्शन आधीच भरून ठेवायचे. बोलताना त्यांची नजर रुग्णाच्या श्वासावर होती आणि मध्येच त्या बाईंना “ताई, डोळे उघडा बघू” म्हणत होत्या. चित्रीकरणाच्या संपूर्ण काळात आम्हांला सर्वांत लांब वाटलेला शिकवणीचा तास या २० मिनिटांचा होता.

(दृश्य : नळी कलंडते. रक्त पाण्यासारखे वाहते. सिस्टर तळहातांत कुपी फिरवत आहेत.)

प्रतिविषाची पूड फेस न येता विरघळावी म्हणून कुपी हलवत नाहीत, तळहातांत हळूहळू फिरवतात. अशा दहा कुप्या तयार झाल्या आणि सलाइनमधून सुरू झाल्या.

(दृश्य : पहाट. रुग्णालयाचा व्हरांडा. निवासी डॉक्टर बाकावर, मांडीवर वही.)

पहाटे नळीची चाचणी पुन्हा केली तेव्हा रक्त गोठले होते. त्यानंतर तिने वही उघडली. छापील यादीत या चाचणीला रकाना नव्हता, म्हणून तिने ती ‘इतर’ या शीर्षकाखाली लिहिली आणि पुढे ‘पीए’ अशी खूण केली. नळी तिने स्वतः भरली होती, स्वतः कलंडली होती आणि प्रतिविषही तिच्याच हाताने सुरू झाले होते. मग ‘पीआय’ का नाही, असे आम्ही तिला विचारले.

“मॅडम शेजारी उभ्या होत्या ना,” ती म्हणाली, आणि सही घेण्यासाठी वही घेऊन आत गेली.