करडईचं बी रात्रभर भिजवा, पण सोयाबीनचं नको

नमस्कार शेतकरी मंडळी. हस्त नक्षत्र लागलं की सोलापूर, मराठवाड्याकडं करडईचा पेरा सुरू होतो आणि तिथनं पुढं रोज वरची ओल उडत जाते, करडईचं टरफल जाड असल्यामुळं बी पाणी प्यायला वेळ लावतं, तोवर ओल खाली गेलेली असते. मग उगवण कुठं दाट कुठं पातळ, आणि कोरडवाहूत नांग्या भरणं, म्हणजे न उगवलेल्या जागी परत बी टोकणं, हा काय त्रास असतो ते तुम्हाला मी काय सांगू.

म्हणून सांगतो, एकरी 4 किलो बी लागतं, ते संध्याकाळी साध्या पाण्यात भिजत घाला. 8 ते 10 तास, जास्त नाही. सकाळी काढा, निथळा आणि सावलीत पातळ पसरा. मुठीतनं पहिल्यासारखं सुटसुटीत सांडलं पाहिजे, ओलं राहिलं तर पाभरीच्या चाड्यात, म्हणजे बी सोडायच्या वाटीत, अडकतं.

आत होतं काय तर बी पाणी पितं, उगवणीची आतली सगळी तयारी सुरू होते, आणि मूळ बाहेर यायच्या आधीच आपण ते सुकवतो. रानात पडलं की राहिलेलं काम पटकन उरकतं, दोन-तीन दिवस आधी उगवतं. याला सीड प्रायमिंग म्हणतात. लॅबमध्ये पोटॅशियम नायट्रेट वगैरे वापरतात, पण आपल्याला पाणी पुरे.

एका वर्षी मी भिजवून ठेवलं आणि दुसऱ्या कामात दुपार झाली, बघतो तर मोड आलेले. तसं बी सुकवलं की मरतं, सगळं वाया गेलं, आणि ऐन पेरणीत दुसरं बी शोधत फिरलो, म्हणून तासांचं एवढं सांगतोय. सुकलं की किलोला 25 ग्रॅम अ‍ॅझोटोबॅक्टर हे जिवाणू खत चोळा आणि एक-दोन दिवसात पेरून टाका, साठवू नका. आणि रानात ओलच नसेल तर भिजवू नका, हे बी कोरड्यात पडलं तर तग धरत नाही.

आता सोयाबीन. त्याला असं रात्रभर अजिबात भिजवू नका! त्याची साल पातळ असते, पाणी एकदम आत शिरतं आणि डाळी फुटतात, भुईमुगाच्या दाण्यालाही जपा. सोयाबीनला गोणपाटात 100 दाणे गुंडाळून उगवण बघा, 70 तरी आले पाहिजेत.

करडईचंही तसंच करा, 100 भिजवलेले, 100 कोरडे, दोन वेगळ्या गोणपाटात ठेवा आणि चौथ्या दिवशी उघडून शेजारी शेजारी बघा.