गावातल्या गावात सहल आणि एक अडकित्ता

श्रोतेहो, नमस्कार.

डिसेंबर उजाडला की पुण्यातील दांपत्ये महाबळेश्वराची नाहीतर कोकणाची वाट धरतात आणि घाटातील गाड्यांच्या रांगेत अर्धी सुट्टी घालवून परत येतात. गेल्या डिसेंबरात मी आणि माझ्या पत्नीने धायरीच्या घराला कुलूप लावले, एक पिशवी भरली आणि डेक्कनवरच्या एका साध्या लॉजमध्ये दोन रात्रींसाठी खोली घेतली. शेजाऱ्यांनी ‘घरात रंगकाम काढले आहे का’ असे विचारले. रंगकाम नव्हते. ज्या संग्रहालयांत आम्ही आजवर केवळ परगावच्या पाहुण्यांना घेऊन, घड्याळाकडे पाहत हिंडलो होतो, ती एकदा आमच्यासाठी पाहायची होती.

त्यासाठी आम्ही एक नियम केला. संग्रहालयात दालने कितीही असोत, प्रत्येकाने एकच वस्तू निवडायची, तिच्यासमोर दहा मिनिटे उभे राहायचे, छायाचित्र काढायचे नाही आणि नंतर चहाच्या टेबलावर ती वस्तू आठवणीतून कागदावर काढायची. पुन्हा सांगतो : एकच वस्तू, दहा मिनिटे आणि चित्र आठवणीतून.

पहिल्या दिवशी बाजीराव रस्त्यावरील राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालयात गेलो. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी पत्नी कमलाबाईंच्या साथीने हा संग्रह जमवला आणि लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचे नाव त्याला दिले. वस्तू सुमारे 20,000, त्यांपैकी मांडलेल्या 2,500 च्या आसपास. दिवे, कुलुपे, दौती, वज्र्या, कंगवे, कोरीव दरवाजे. शिवाय कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल. तलवारींपेक्षा स्वयंपाकघरातल्या आणि माजघरातल्या वस्तूंवर इतका जीव लावणारे संग्रहालय मला अधिक मोलाचे वाटते; लढाया वर्षातून एखादी, पण सुपारी रोज कातरली जात असे.

सुपारीवरूनच पुढची हकीकत. पत्नीने एक पितळी दिवा निवडला, मी एक अडकित्ता. तिथे पक्ष्यांच्या, घोड्यांच्या, स्त्रीपुरुषांच्या आकृतींचे अडकित्ते आहेत. मी माझ्या अडकित्त्यासमोर पुरती दहा मिनिटे उभा राहिलो आणि मोठ्या समाधानाने बाहेर पडलो. लकडी पुलावरून चालत आम्ही कॅफे गुडलकला पोचलो. 1935 पासूनचे हे इराणी हॉटेल असल्यामुळे गर्दीच्या वेळी आपल्या टेबलावर अनोळखी माणूस येऊन बसणार, हे आपण सारे गृहीत धरतोच. त्या दिवशी धोतर, कोट आणि कानांवरून मफलर गुंडाळलेले एक वृद्ध गृहस्थ समोर येऊन बसले. बनमस्का आला, चहा आला. चहा काचेच्या ग्लासात किंवा कपबशीतच प्यावा, कागदी पेल्यात त्याला लगद्याची चव येते, हे माझे मत आहे आणि ते बदलणार नाही.

मी बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर अडकित्ता काढला. मोराची मान साधली, मुठी साधल्या, बिजागरीचा खिळाही विसरलो नाही. पत्नीने तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, “अहो, ही तर कात्री झाली.” मी रागावून म्हणालो, “अगं, अडकित्ता असाच असतो.” तेव्हा समोरच्या आजोबांनी हात पुढे करून कागद स्वतःकडे वळवून घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “दोन्ही पात्यांना धार दिलीत होय? मग सुपारी बसायची कुठं?”

एवढे बोलून त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून चंची काढली, चंचीतून लोखंडी अडकित्ता काढला आणि बनमस्क्याच्या बशीशेजारी ठेवला. त्याला ना मोर होता ना घोडा. काळपट, मुठींजवळ बोटांनी गुळगुळीत झालेला. त्यांनी तो उघडून पत्नीच्या हातात दिला. “बोट फिरवून बघा, ताई. खालच्यावरनं फिरवा, वरच्यावरनं नको.” खालचे पाते बोथट होते, जाड होते, धार फक्त वरच्याला. “खालचा म्हंजी पाट, वरची म्हंजी विळी. दोन्हीकडं धार घातली तर खांड उडून ह्या साहेबांच्या चहात पडंल.” मग त्यांनी अर्धी सुपारी कातरून दाखवली. तो कट्‌ असा आवाज ऐकून शेजारच्या टेबलावरची दोन महाविद्यालयीन मुले वळून पाहू लागली.

श्रोतेहो, दहा मिनिटे मी मोर पाहत होतो. सुपारी जिथे ठेवायची ती जागा माझ्या डोळ्यांसमोर असूनही मी पाहिलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा तिकीट काढून त्याच कपाटासमोर उभे राहिलो. तिकीट देणाऱ्यांनी विचारले, “काल काही राहिलं का पाहायचं?” पत्नी म्हणाली, “हो, यांचं खालचं पातं राहिलं.” आणि मोराच्या चोचीखाली ते बोथट पाते निमूट होते. म्हणून नियमात एक भर घालतो : एकच वस्तू, दहा मिनिटे, चित्र आठवणीतून, आणि जमल्यास त्याच वस्तूकडे पुन्हा एक फेरी.

माझी वेळ संपत आली असल्याने बाकीची ठिकाणे नुसती सांगतो. क्वीन्स गार्डनजवळच्या आदिवासी संग्रहालयात वारली चित्रे सावकाश पाहावीत. बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात चित्रप्रदर्शन असेल, तर चित्रकार बहुधा तिथेच खुर्चीवर बसलेला असतो. त्याला किंमत विचारण्याआधी रंग कोणता वापरला ते विचारावे. तिथून जंगली महाराज रस्त्याने पाताळेश्वर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. राष्ट्रकूट काळातले, आठव्या शतकातले हे लेणे कातळात खाली कोरलेले असल्यामुळे डिसेंबरात सकाळी तिथला दगड बर्फासारखा गार असतो. नंदीच्या गोल मंडपासमोर बसून चित्र काढायचे असेल, तर सतरंजीची एक घडी बरोबर न्यावी.

नमस्कार.