घराचा वास: आधी नाकाला विचारू या

चार-आठ दिवसांनी बाहेरगावाहून आलात, कुलूप काढून दार ढकललंत, की पहिल्या दोन-तीन श्वासांत आपल्या घराचा खरा वास कळतो. पाचव्या मिनिटाला तो येईनासा होतो. वास तिथेच असतो, नाक सरावलेलं असतं. पाहुण्याला दारातच जाणवतं ते आपल्याला वर्षानुवर्षं जाणवत नाही, ते यामुळेच. म्हणून माझी पहिली विनंती अशी, की पुढच्या वेळी बॅगा ठेवायच्या आधी उंबऱ्यातच थांबा, खोल श्वास घ्या आणि वासाचा माग काढायला तसेच आत निघा. उशीर केलात तर नाक साथ देणार नाही.

वास येतो म्हणजे कुठल्यातरी वस्तूपासून सुटलेले रेणू आपल्या नाकात पोहोचतात. ते ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक, म्हणजे रेणू पकडणारे रिसेप्टर, माणसाच्या नाकात असतात. या ग्राहकांच्या जनुकांचा शोध लावणाऱ्या लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांना २००४ साली नोबेल मिळालं. आपल्यापुरता त्याचा अर्थ साधा आहे: वास आहे, तर वस्तूही घरात आहे. वर कितीही सुगंध फवारला तरी ती जागची हलत नाही. आपल्या भाषेत कुबट, कोंदट, आंबूस, करपट असे किती शब्द आहेत पाहा. यातला प्रत्येक शब्द वेगळ्या जागेकडे बोट दाखवतो. ‘घाण वास येतोय’ म्हणण्यापेक्षा नेमका शब्द शोधला, की निम्मं काम होतं.

कुबट वासाचंच घ्या. धुऊन वाळवलेला टॉवेल नाकाशी धरा, काही वास येत नाही. आंघोळीनंतर अंग पुसताना तो ओला होतो आणि तोच कुबट वास परत वर येतो. हा अनुभव तुम्हा सगळ्यांचा असणार. जपानमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं, की यामागे मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असतो. धुतल्यावरही तो धाग्यांत टिकून राहतो, वाळवल्यानेही सहज मरत नाही आणि ओल मिळाली की पुन्हा कामाला लागतो. अशा टॉवेलात साबण वाढवून उपयोग होत नाही. कापडाला सोसेल तेवढ्या गरम पाण्यात, शक्यतो ६० अंशांच्या आसपास, तो धुवा आणि धुऊन झाल्या झाल्या बाहेर काढा. दोरीवर दुहेरी न टाकता पसरून घाला. समोरून उघडणारं वॉशिंग मशीन असेल तर दाराच्या रबराच्या घडीत एकदा बोट फिरवून बघा. करडा, बुळबुळीत थर हाताला लागेल. तो पुसून काढा आणि मशीनचं दार थोडं उघडंच राहू द्या.

आता मोरी. एकदा महिनाभर घर बंद होतं. परत आलो तर सगळीकडे गटाराचा भपकारा. फिनेल ओतून झालं, जाळ्या घासून झाल्या, दोन दिवस गेले. शेवटी न वापरातल्या न्हाणीघरातली जाळी उचलून टॉर्च मारला, तर आतलं भांडं कोरडं ठणठणीत! एक तांब्या पाणी ओतलं आणि तासाभरात वास गेला. जाळीखालच्या भांड्यात किंवा नळीच्या वळणात साचून राहणारं पाणी म्हणजे गटार आणि घर यांच्यातलं दार असतं. अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीने १७७५ साली शौचकूपाचं पेटंट घेतलं, त्यात हेच पाण्याचं वळण होतं. ते आजही तसंच काम करतं, फक्त पाणी वाळता कामा नये. कमी वापराच्या मोरीत आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओता.

भिंतीतली ओल ही मोठी गोष्ट आहे. बुरशीला ओलावाच लागतो. घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, जमल्यास ३० ते ५० च्या दरम्यान ठेवा. भिजलेली गादी, गालिचा एक-दोन दिवसांत पूर्ण वाळलाच पाहिजे. बाहेरच्या भिंतीला चिकटून कपाट असेल तर ते वीतभर पुढे ओढा. गळती असेल तर आधी ती बंद करा, रंग नंतर.

खाण्याचा सोडा आंबूस, म्हणजे आम्लधर्मी वास मारतो. व्हिनेगर अमोनियासारखे वास मारतं. दोन्ही एकत्र ओतले तर फेस छान येतो, पण ते एकमेकांनाच निकामी करतात. ब्लीच मात्र व्हिनेगरमध्ये किंवा अमोनियात कधीही मिसळू नका. विषारी वायू तयार होतो.

आणि सुगंधी फवारे? समोरासमोरच्या दोन खिडक्या दहा-पंधरा मिनिटं उघडल्याने जे होतं ते फवाऱ्याने होत नाही. अनेक फवाऱ्यांतलं लिंबासारख्या वासाचं लिमोनीन हवेतल्या ओझोनशी मिसळून फॉर्मल्डिहाइड हा अपायकारक वायू तयार करतं. पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. १९३७ साली अमेरिकेत टेक्ससमधल्या न्यू लंडन इथल्या शाळेत नैसर्गिक वायूचा स्फोट झाला आणि जवळपास ३०० जीव गेले, बहुतेक मुलं. त्या वायूला वासच नव्हता, त्यामुळे गळती कुणाला कळली नाही. त्यानंतर वायूत मुद्दाम उग्र वास मिसळण्याचे कायदे झाले. आपल्या सिलिंडरमधल्या गॅसचा तो दर्पही असाच मुद्दाम मिसळलेला असतो. स्वयंपाकघरात सतत सुगंध कोंडून ठेवला, तर तो दर्प ओळखायला उशीर होऊ शकतो. तसा वास आला तर दिव्याचं बटण चालू किंवा बंद करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या सताड उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि फोन बाहेर गेल्यावरच करा.