धुतलेल्या गाडीवरचं पाणी: ब्लोअर की टॉवेल

(दृश्य: नुकतीच धुतलेली काळी गाडी, अंगभर थेंब. फक्त पाणी ठिबकायचा आवाज.)

फेस गेला, नळ बंद केला, आणि बहुतेकांना वाटतं की झालं आता, राहिलं फक्त पुसायचं. पण गाडीच्या रंगावर जे बारीक ओरखडे पडतात ना, त्यातले कितीतरी याच शेवटच्या दहा मिनिटांत पडतात, म्हणून आज आपण फक्त या दहा मिनिटांबद्दल बोलणार आहोत.

आधी हे थेंब बघा. हे असेच सोडून दिले तर ते वाळतील, पण त्यातलं पाणी तेवढं उडून जाईल आणि पाण्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार तिथेच बसतील, पांढरी गोल कडी करून. हेच ते वॉटर स्पॉट. पाणी जड असेल आणि पत्रा उन्हाने तापलेला असेल तर हे फार पटकन होतं, आणि डाग तसाच राहिला तर तो पुढे क्लिअर कोट, म्हणजे रंगाच्या वरचा पारदर्शक थर, खायला लागतो, मग नुसतं धुऊन जात नाही, पॉलिशच करावं लागतं. म्हणून थेंब वाळायच्या आत, पाणी पाणी असतानाच गाडीवरून खाली उतरवायचं, ब्लोअरने करा की टॉवेलने, काम हेच आहे.

(दृश्य: बोनेटचा अगदी जवळून शॉट.)

आता हा क्लिअर कोट कंपनीतून येतो तेव्हा साधारण 40 ते 50 मायक्रॉन जाड असतो. आपल्या डोक्याचा केस बहुतेक वेळा याहून जाड असतो! आणि पॉलिश करायचं म्हणजे ओरखडा भरायचा नसतो, त्याच्या आजूबाजूचा थर घासून त्याच्या पातळीला आणायचा असतो, त्यामुळे दर पॉलिशला हा थर थोडा कमी होतो आणि एकदा गेलेला परत येत नाही. मला वाटतं हे एकदा नीट कळलं की माणूस गाडीवर हातच वेगळा ठेवायला लागतो.

टॉवेलचं बोलू. मी स्वतः कित्येक वर्षं घरातला जुना सुती टॉवेल घेऊन, चांगला जोर लावून, गोल गोल फिरवत गाडी पुसायचो, आणि मनापासून वाटायचं की आपण गाडीची किती काळजी घेतो. एकदा रात्री दिव्याखाली गाडी उभी होती आणि बोनेटवर दिव्याभोवती कोळिष्टक पसरल्यासारखं दिसलं, खूप वाईट वाटलं तेव्हा. याला स्वर्ल मार्क म्हणतात. गंमत म्हणजे हे ओरखडे गोल नसतातच, ते सगळ्या दिशांना असतात, पण जे प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात म्हणून दिव्याभोवती गोल जाळं दिसतं. गडद रंगावर जास्त दिसतं, पांढऱ्या गाडीवरही असतं, फक्त डोळ्यांना लवकर सापडत नाही.

आणि ओरखडा टॉवेलने पडतो म्हणण्यापेक्षा टॉवेलखाली अडकलेल्या कणाने पडतो असं म्हणणं जास्त बरोबर. धुऊनही जी थोडी कच राहते ती कापडाखाली येते आणि आपण ती सगळ्या पत्र्यावरून ओढत नेतो. म्हणूनच सपाट शॅमी, म्हणजे पाणी टिपायचं ते गुळगुळीत चामड्यासारखं फडकं, मला आवडत नाही, पाणी छान शोषते पण तिला लवच नसते, मग कणाला आत शिरायला जागा नाही, तो थेट शॅमी आणि रंगाच्या मध्ये राहतो.

मायक्रोफायबर वेगळं आहे ते इथेच. पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइडचा धागा फोडून इतका बारीक करतात की तो 1 डेनियरच्याही खाली जातो, म्हणजे 9000 मीटर धाग्याचं वजन 1 ग्रॅमपेक्षा कमी. त्या फटींमध्ये पाणी ओढलं जातं आणि लव जाड असेल तर कणही आत, रंगापासून थोडा लांब राहतो. ओरखडा पडतच नाही असं नाही हां, शक्यता कमी होते एवढंच.

(दृश्य: मोठा टॉवेल छतावर पसरलेला, दोन टोकं धरून हळू ओढला जातोय.)

हे बघा कसं करतायत. टॉवेल उलगडून पसरलाय, वरून दाब नाही, दोन कोपरे धरून फक्त ओढताहेत, त्याच्या स्वतःच्या वजनावर. किंवा नुसता ठेवायचा, वरून हलकं थोपटायचं, उचलायचा. टॉवेल खाली पडला तर संपला त्याचा वापर, झटकून परत लावायचा नाही, थेट धुवायला. आणि धुताना फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि मग टॉवेल पाणी प्यायच्या ऐवजी पुढे ढकलत बसतो. सुती कपड्यांबरोबरही धुवू नका, सगळे तंतू याला चिकटतात.

(दृश्य: ब्लोअर सुरू होतो. छतावरचे थेंब पळत काचेवरून खाली येतात.)

हे बघायला मला कधीच कंटाळा येत नाही! वाऱ्याने पाणी वाळत नाहीये इथे, सरळ ढकललं जातंय, आणि रंगाला काहीच लागत नाहीये. जिथे काही घासलंच नाही तिथे ओरखडा कुठून येणार.

पण ही गाडी सिरॅमिक कोटिंगची आहे, म्हणजे रंगावर वरून एक संरक्षक थर लावलाय, हे लक्षात घ्या. वॅक्स किंवा कोटिंग असलं की पाणी पत्र्याला धरून राहत नाही, मणी मणी होऊन उभं राहतं, आणि असा मणी वाऱ्याने लगेच सुटतो. तेच ज्या गाडीला काहीच लावलेलं नाही तिथे पाण्याचा पातळ पापुद्रा पसरून बसतो, ब्लोअर कितीही फिरवा, थोडं सरकतं आणि परत पसरतं, तोवर कडेचं वाळायला लागतं. अशा गाडीला माझ्या मते चांगला टॉवेलच बरा.

ब्लोअरची खरी किंमत कळते ती फटींमध्ये. आरशाची खोबण, दाराचं हँडल, लोगोच्या मागची जागा, ग्रिल, टेललाइटच्या कडा, पेट्रोलचं झाकण, चाकाचे नट. टॉवेल तिथे पोचतच नाही, आणि मग सगळं पुसून झाल्यावर आरशाखालून एक ओघळ निघतो आणि दारभर लांब रेघ वाळते.

ब्लोअर वापरताना वरून खाली यायचं, छत, काचा, बोनेट, मग बाजू, नोझल थोडं तिरकं आणि पत्र्यापासून वीतभर लांब, टोकाला रबर असेल तर उत्तम कारण कडक प्लास्टिक आपटलं तर टवका जातो. पानं उडवायच्या साध्या ब्लोअरला बहुधा फिल्टर नसतो, तो जी हवा ओढतो तीच गाडीवर मारतो, म्हणून धुळीच्या जमिनीवर खाली तोंड करून चालवू नका, ओल्या रंगावर सगळी धूळ येऊन बसेल. आणि कानाचं मनावर घ्या. 85 डेसिबलचा आवाज आठ तास चालतो असं मानलं तर पुढे दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते, आणि मोठे ब्लोअर कानापाशी 90 च्या पुढे सहज जातात. इअर मफ लावा, लाजायचं काय त्यात.

मी आता काय करतो सांगतो. शेवटचं पाणी मारताना पाइपचं नोझल काढून टाकतो आणि छतापासून संथ धार सोडतो, फवारा नाही. धार अखंड वाहिली की ती जाताना मागचे थेंबही ओढून नेते आणि बरंचसं पाणी तिथेच उतरतं, ज्यांच्याकडे ब्लोअर नाही त्यांनी निदान एवढं तरी कराच. मग ब्लोअर, मुख्यतः फटींना. उरलेल्या थेंबांवर क्विक डिटेलरचा, म्हणजे रंगावर मारायच्या निसरड्या स्प्रेचा, हलका फवारा, म्हणजे टॉवेल कोरडा घासत नाही, सरकतो, आणि मग टॉवेल. पण धुतानाच मळ राहिला असेल तर ब्लोअर त्याला हलवू शकत नाही, तो चिकटून बसतो आणि शेवटी टॉवेलखालीच सापडतो, तेव्हा हात फिरवण्याआधी पत्रा प्रकाशात तिरका बघून घ्या, काही दिसलं तर परत धुवा.

(दृश्य: चाकाचा क्लोज-अप, डिस्कवर नारिंगी छटा.)

डिस्क ब्रेकवर ही नारिंगी झाक दिसतेय ती घाबरायची गोष्ट नाही, ओल्या लोखंडावर वरवर आलेला गंज आहे, चार वेळा ब्रेक दाबला की निघून जातो. म्हणून सगळं झालं की गाडी थोडी फिरवून आणा, ब्रेकही सुकतात आणि आत अडकलेलं पाणीही बाहेर येतं. परत आलात की टॉवेलचा एक कोरडा कोपरा घेऊन आरशाखाली आणि नंबर प्लेटखाली टेकवा, तिथे दोन-चार थेंब आलेलेच असतात.