बोलावणं

श्रोतेहो, नमस्कार.

लग्नाची पत्रिका नुसती टपालानं टाकली, तर आपल्याकडे ते बोलावणं धरत नाहीत. घरी जायचं, अक्षता द्यायच्या, ‘सगळ्यांनी यायचं हं’ म्हणायचं. गेली बारा वर्षं मी हेच करते आहे. कार्य परदेशातल्या एखाद्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये असतं आणि पाहुणे विमानानं यायचे असतात, एवढंच. या कामाला इव्हेंट मार्केटिंग म्हणतात. बारावीनंतर काय, यावर ज्या घरांत सध्या खल चालू आहे, त्यांच्याशी मला आज बोलायचं आहे.

मी नाशिकची. मुंबई विद्यापीठाचा बीएमएम, म्हणजे बॅचलर ऑफ मास मीडिया, केला. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, शेवटच्या वर्षी पत्रकारिता की जाहिरात ते निवडायचं. आता त्याला बीएएमएमसी म्हणतात. ‘हे शिकून तू नक्की होणार कोण?’ असं आई विचारायची, आणि मला सांगता यायचं नाही.

दुसऱ्या वर्षी आमच्या मॅडमनी एका बचत गटाच्या प्रदर्शनाची प्रसिद्धी आम्हा सहा जणांवर सोपवली. उपनगरातल्या एका शाळेच्या मैदानावर तीन दिवस स्टॉल लागणार होते. आम्ही रात्र-रात्र जागून पोस्टर केलं, देखणं केलं. पहिल्या दिवशी अकरा वाजले तरी मैदान रिकामं. बायका पापडांच्या चळती पुढ्यात घेऊन बसलेल्या. मॅडम आल्या, पोस्टर बघितलं आणि म्हणाल्या, ‘आत यायचं कुठून?’ शाळेचं पुढचं फाटक बंद होतं, वाट मागच्या गल्लीतून होती, आणि तेवढंच आम्ही लिहिलं नव्हतं. त्या बायकांची पहिली सकाळ आमच्यामुळे फुकट गेली. ते मला आजही लागतं.

दुसऱ्या दिवशी साध्या कागदावर गल्लीचा नकाशा काढला, खाली लिहिलं ‘गरम पुरणपोळी, पाचनंतर’, झेरॉक्स मारल्या आणि घरी परतणाऱ्या गर्दीत स्टेशनच्या पुलाखाली उभे राहिलो. सातच्या आत पोळ्या संपल्या.

माझ्या मते प्रात्यक्षिकावर भर देणाऱ्या पदवीचं मोल इथे आहे. तिथे निबंधाला मार्क पडत नाहीत, माणूस आला की नाही ते दिसतं. दोनशे शब्दांची बातमी साठ शब्दांत बसवायची, मग बारा शब्दांत. अनोळखी माणसाला फोन लावायचा. तारीख ठरली की ती हलत नाही, ही सवय अंगात मुरते.

पहिली नोकरी गोरेगावच्या नेस्को संकुलात, एका यंत्र-प्रदर्शनाच्या नोंदणी काउंटरवर. गळ्यातली ओळखपत्रं छापून द्यायची. काम किरकोळ, पण नाव नोंदवणारे किती, त्यातले प्रत्यक्ष येणारे किती आणि कुठल्या निरोपावरून आलेले किती, हे मी तिथे शिकले. पुढे पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकले, कारण हॅनोव्हर, फ्रँकफर्ट, ड्युसेलडॉर्फ ही प्रदर्शनांची मोठी गावं. हॅनोव्हरचा औद्योगिक मेळा 1947 पासून भरतो. 2015 मध्ये आपला देश तिथे भागीदार होता. फ्रँकफर्टच्या पुस्तक मेळ्यात तर पुस्तकांच्या भाषांतर-प्रकाशनाच्या हक्कांच्या व्यवहाराच्या भेटी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या असतात आणि कित्येक आठवडे आधी ठरतात. तिथे गर्दी जमवून भागत नाही. नेमका माणूस नेमक्या टेबलाशी पोचावा लागतो.

परदेशात चुका बारीक असतात, पण महाग पडतात. एकदा नोंदणीची शेवटची तारीख मी ‘05/06’ अशी लिहिली. माझ्या लेखी पाच जून. अमेरिकेत महिना आधी लिहितात, त्यांनी वाचलं सहा मे. शिकागोच्या एका खरेदीदाराचं दिलगिरीचं पत्र आलं, ‘मुदत टळली, यंदा जमणार नाही.’ मुदतीला अजून तीन आठवडे होते! तेव्हापासून महिना मी अक्षरांतच लिहिते.

दुबईचा एक्स्पो आठवा. महासाथीमुळे तो 1 ऑक्टोबर 2021 ला सुरू होऊन 31 मार्च 2022 ला संपला, तरी नाव एक्स्पो 2020 च राहिलं, कारण त्याच नावानं तो जगभर पोचला होता. आणि तो चालू असतानाच, 1 जानेवारी 2022 पासून, अमिरातीनं सरकारी सुट्टीचे वार बदलले. शुक्रवार-शनिवारचे शनिवार-रविवार झाले, शुक्रवारी अर्धा दिवस काम. निमंत्रणं कुठल्या वारी पाठवायची, याचं तिथल्या लोकांचं गणितच फिरलं. युरोपात 25 मे 2018 पासून खासगी माहितीचा नवा कायदा लागू झाला, तेव्हा नीट संमती नसलेली कितीतरी नावं आम्ही यादीतून काढली. यादी आखडली, पण उरलेली माणसं उत्तरं देऊ लागली. तो कायदा मला मनापासून पटतो. न विचारता कुणाच्या दारी जाऊन बसू नये.

सुरुवातीला लगेच परदेशच हवा असं नाही. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, 2004 पासून पणजीत भरतो आणि 2007 पासून गोव्यातच फिल्म बाजार, म्हणजे चित्रपटांच्या व्यवहारांचा मेळाही. प्रतिनिधी कक्षात, माध्यम कक्षात मुलांना काम मिळू शकतं. जगभरची माणसं तिथे समोर उभी असतात, आणि घर एका रात्रीच्या एसटीवर.

आणि प्रवेश घेताना एवढं करा. कॉलेजच्या माहितीपत्रकातले फोटो बाजूला ठेवा. गेल्या वर्षीच्या मुलांनी कुणासाठी काय केलं ते विचारा. कुठला कार्यक्रम, कुणाचा पैसा, किती माणसं आली. शिक्षकांना हे आकडे तोंडपाठ असतील, तर तिथे फॉर्म भरा.

नमस्कार.