पलीकडे कुणी उचलत नाही

(दुपार. टेबलावर वाजणारा मोबाइल.)

फोन वाजतोय. नंबर अनोळखी. एक नजर पडते आणि फोन पालथा होतो.

पलीकडे हेडफोन लावून बसलेल्या मुलीच्या स्क्रीनवर तीन अक्षरं उमटतात: आरएनआर. रिंगिंग, नो रिस्पॉन्स. लगेच पुढचा नंबर. तो तिनं लावलेला नसतो, डायलर नावाचं सॉफ्टवेअर लावतं. एकाच वेळी अनेक नंबर फिरवायचे आणि जो उचलेल तो मोकळ्या कॉलरकडे सोपवायचा. त्या क्षणी कुणीच मोकळं नसेल, तर आपण ‘हॅलो, हॅलो’ करत राहतो. आपल्याला वाटतं, रेंज गेली.

उचलणारेही ‘सर, पर्सनल लोन...’ एवढं ऐकून फोन ठेवतात. कधी शिव्या देतात. त्या तिनंच ऐकायच्या आणि टार्गेटही तिनंच गाठायचं.

तिचं बोलणं कमी पडतं म्हणून हे होत नाही. तिच्या हातात दिलेली यादी आंधळी असते. कालच कर्ज फेडून मोकळा झालेला माणूस त्या यादीत असतो आणि आयसीयूबाहेर बसलेलाही.

आपल्याकडे बोहारीणही न बोलावताच यायची. पण घरातली कामं आटोपली की, दुपारची यायची. कुठल्या घरात जरीची साडी निघेल, कुठली आजी एका वाटीसाठी तासभर घासाघीस करेल, तिला तोंडपाठ असायचं. मुख्य म्हणजे पुढच्या महिन्यात तिला त्याच दारात यायचं असायचं, म्हणून गळकं पातेलं ती गळ्यात मारत नसे. फोन करणाऱ्याला आपलं दार पुन्हा दिसणार नसतं.

(१४० नं सुरू होणारा नंबर, स्क्रीनवर.)

२००७ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकानं असे फोन नको असलेल्यांची नोंदणी सुरू केली. २०११ मध्ये नवे नियम लागू झाले, टेलिमार्केटरांना १४० नं सुरू होणारे नंबर मिळाले. फोन विकणाऱ्याचा आहे हे आधीच कळू लागलं आणि लोक १४० उचलेनात. मग नोंदणी न केलेले विक्रेते साध्या दहा आकडी नंबरांवरून फोन करू लागले. माझ्या मते खरी हानी इथं झाली. तोवर फक्त जाहिरातीवरचा विश्वास उडाला होता, आता प्रत्येक अनोळखी नंबरवरचा उडाला.

ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायनं अशा विक्रेत्यांची कनेक्शनं तोडायला सांगितलं. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी कारवाई सुरू होऊ शकते. आधी सात दिवसांत दहा लागायच्या. तक्रारीचा नंबर १९०९. ती जरूर करा. फोन पालथा घालून पुढचा फोन थांबत नाही.

(एसटी स्टँड. संध्याकाळ.)

गावाहून वडील उतरलेत. मोबाइलची बॅटरी संपलीय. खिशातल्या डायरीत मुलीचा नंबर आहे. शेजारच्या प्रवाशाचा फोन मागून ते तो लावतात. पूर्ण रिंग वाजते. पुन्हा लावतात, पुन्हा वाजते.

‘उचलत नाही,’ म्हणत ते फोन परत देतात, पिशवी खांद्याला लावतात आणि रिक्षाच्या रांगेकडे चालू लागतात.